ॲसिडिटीची गोळी, स्मृतिभ्रंश आणि १.४४ हा आकडा

२०१६ साली ‘जामा न्यूरॉलॉजी’मध्ये गोम आणि सहकाऱ्यांचा एक पेपर आला. जर्मनीतल्या सार्वजनिक आरोग्य विम्याच्या नोंदी घेऊन त्यांनी ७५ वर्षांवरच्या ७३,६७९ लोकांचा डेटा तपासला. सुरुवातीला यातल्या कुणालाही स्मृतिभ्रंश नव्हता. त्यातले २,९५० जण ॲसिडिटीच्या पीपीआय गटातल्या गोळ्या, म्हणजे ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल वगैरे, नियमित घेत होते. पुढे या लोकांत स्मृतिभ्रंशाचं निदान होण्याचा धोका गोळी न घेणाऱ्यांच्या १.४४ पट निघाला. बातमी जगभर गेली. आपल्याकडच्या फॅमिली ग्रुपवर ती अजूनही अधूनमधून उगवते, आणि मग कुणाच्या तरी आजोबांची गोळी परस्पर बंद होते.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांना मी हा पेपर मुद्दाम वाचायला सांगतो. तो भंगार आहे म्हणून नव्हे. भंगार पेपरवर टीका करायला काही लागत नाही. हा पेपर नीटनेटका आहे, नमुना मोठा आहे, जर्नल उत्तम आहे, आणि तरीही त्याच्या निष्कर्षाचं वजन त्याच्या डेटाला पेलत नाही. असे पेपरच जास्त शिकवतात. आणि हो, मी डॉक्टर नाही. गोळी चालू-बंद करण्याचा सल्ला इथे शोधू नका.

आधी गोळी काय करते ते थोडक्यात बघू, कारण पुढचे सगळे दावे तिथूनच फुटतात. जठराच्या अस्तरात पराएटल नावाच्या पेशी असतात. त्यांच्यात हायड्रोजन आयन बाहेर ढकलून पोटॅशियम आत घेणारा एक पंप असतो. ॲसिड तयार होण्याची ही शेवटची पायरी. ओमेप्राझोल आणि त्याची भावंडं रक्तातून या पेशीपर्यंत पोहोचतात, तिथल्या कमालीच्या आम्लधर्मी जागेत गेल्यावर त्यांचं रूप बदलतं आणि मग ती पंपाला कायमची चिकटतात. म्हणून रक्तातून औषध एक-दोन तासांत बऱ्यापैकी कमी झालं तरी परिणाम दिवसभर टिकतो. पेशीला नवे पंप बनवावे लागतात तेव्हा कुठे ॲसिड पूर्ववत होतं. डॉक्टर ‘जेवणाआधी घ्या’ म्हणतात त्याचं कारणही हेच: चालू असलेलाच पंप बंद करता येतो, आणि जेवणाने पंप चालू होतात.

आता पोटातल्या पंपाचा मेंदूशी काय संबंध? दोन धागे सांगितले जातात. पहिला बी-१२चा. अन्नातल्या प्रथिनांपासून बी-१२ सुटं व्हायला ॲसिड लागतं, ॲसिड कमी तर बी-१२ कमी, आणि बी-१२च्या कमतरतेने स्मरणशक्तीवर परिणाम होऊ शकतो. दुसरा धागा प्रयोगशाळेतला. २०१३ मध्ये बादिओला आणि सहकाऱ्यांनी ‘प्लॉस वन’मध्ये दाखवलं की लॅन्सोप्राझोलमुळे पेशींमध्ये आणि उंदरांच्या मेंदूत ॲमिलॉइड बीटा वाढतं. अल्झायमरमध्ये मेंदूत साचतं तेच हे प्रथिन.

म्हणजे यंत्रणा सुचलेली आहे, आकडा आहे, नमुना मोठा आहे. मुलाखतीत हा पेपर समोर ठेवला तर बहुतेक विद्यार्थी इथेच मान डोलावतात. ‘सर, पी व्हॅल्यू ०.००१ पेक्षा कमी आहे.’ आहेच. पण पी व्हॅल्यू एवढंच सांगते की हा फरक निव्वळ योगायोगाने पडणं अवघड आहे. फरक गोळीमुळे पडला की गोळी घेणारी माणसंच वेगळी होती, याबद्दल ती एक अक्षर बोलत नाही. आणि नमुना वाढवून ही अडचण सुटत नाही. काटा चुकीचा लागला असेल तर लाख वेळा वजन करून चुकीचं वजन अधिक ठामपणे मिळतं, इतकंच.

तर विचारायचा प्रश्न असा: पंच्याहत्तरीनंतर दर तिमाहीला पीपीआयची चिठ्ठी कुणाला मिळते? पेपरमध्ये ‘नियमित’ याची व्याख्या जवळपास अशीच आहे, प्रत्येक तिमाहीत निदान एक प्रिस्क्रिप्शन. मिळते ती हृदयविकारासाठी ॲस्पिरिन चालू असलेल्याला. गुडघेदुखीसाठी रोज वेदनाशामक घेणाऱ्याला. सात-आठ गोळ्यांचा डबा सांभाळणाऱ्याला. नैराश्यावर औषध चालू असलेल्याला. यातल्या बऱ्याच गोष्टी स्वतःच स्मृतिभ्रंशाशी जोडलेल्या आहेत. औषध देण्यामागचं कारणच आजाराशीही जोडलेलं असतं, तेव्हा औषधावर भलताच आळ येतो. याला कॉन्फाउंडिंग म्हणतात हे तुम्ही पाठ केलेलं असेलच.

लेखकांना हे माहीत होतं. त्यांनी वय, लिंग, नैराश्य, पक्षाघात, हृदयविकार, मधुमेह आणि पाचाहून अधिक औषधं हे सगळं गणितात घेतलं. मग अडलं कुठे? विम्याच्या नोंदीत जे नाही ते गणितात घेता येत नाही. माणूस किती शिकला, हे विमा कंपनी विचारत नाही, आणि शिक्षण कमी असेल तर स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो. अल्झायमरशी जोडलेलं एपीओई जनुक त्या नोंदीत असण्याचा प्रश्नच नाही. शिवाय ‘मधुमेह: आहे’ अशा एका खुणेत नुकतीच साखर वाढलेला माणूस आणि वीस वर्षं इन्सुलिनवर असलेला माणूस एकाच खान्यात बसतात. खाना भरला म्हणजे फरक पुसला गेला असं होत नाही.

त्याहून मला खटकणारी गोष्ट निदानाची. दर तिमाहीला डॉक्टरसमोर बसणाऱ्या माणसाचं विसरणं लवकर लक्षात येतं. जो वर्षानुवर्षं दवाखान्याची पायरी चढत नाही, त्याचं विसरणं घरच्या घरी ‘वय झालं’ म्हणून खपून जातं. विम्याच्या नोंदीत स्मृतिभ्रंश म्हणजे डॉक्टरने टाकलेला कोड. म्हणजे आपण इथे मोजतोय ते ‘स्मृतिभ्रंश झाला का’ यापेक्षा ‘स्मृतिभ्रंशाची नोंद झाली का’ याच्या जवळचं आहे. एवढं असूनही सारांशात लेखक म्हणतात की पीपीआय टाळलं तर स्मृतिभ्रंश टाळता येऊ शकेल. ‘येऊ शकेल’ हा शब्द आहे, पुढे यादृच्छिक चाचण्या हव्यात असंही लिहिलंय. पण बातमीदार सारांशातलं कोणतं वाक्य उचलणार हे लेखकांना, संपादकांना आणि परीक्षकांना, सगळ्यांना ठाऊक असतं. हे वाक्य तिथे यायला नको होतं.

‘गोळी घेणारी माणसंच वेगळी’ हे मी नुसतं तर्काने म्हणत असेन तर तुम्ही मलाही पुरावा विचारायला हवा. पुरावा आहे, आणि तो स्मृतिभ्रंशापेक्षा न्यूमोनियाच्या साहित्यात जास्त छान सापडतो. पीपीआयमुळे न्यूमोनिया होतो असाही दावा होता: ॲसिड कमी, त्यामुळे जठरात जंतू वाढतात, ते वर येऊन फुप्फुसात उतरतात. ऐकायला पटतं. २०१६ मध्येच ओथमन, क्रूक्स आणि कार्ड यांनी ‘बीएमजे’मध्ये ब्रिटनच्या जीपी नोंदी वापरून एक साधी गोष्ट केली. एका माणसाची तुलना दुसऱ्या माणसाशी करण्यावर ते थांबले नाहीत. त्याच माणसाच्या आयुष्यातला गोळीच्या आसपासचा काळ आणि एरवीचा काळ ताडून बघितला. शिक्षण, जनुकं, घरची परिस्थिती, सगळं आपोआप सारखं, कारण माणूस एकच.

गोळी सुरू झाल्यावरच्या ३० दिवसांत न्यूमोनियाचं प्रमाण एरवीच्या १.१९ पट होतं. वाढलंय, बरोबर? आता गोळी सुरू होण्याआधीचे ३० दिवस बघा: १.९२ पट. जी गोळी अजून पोटात गेलेलीच नाही तिने न्यूमोनिया कसा केला? उघड आहे की आधी काहीतरी बिघडलं, खोकला, छातीत जळजळ, तब्येत ढासळणं, आणि त्या आजारपणाच्या ओघात गोळी आली. हा तक्ता मी पहिल्यांदा बघितला तेव्हा संध्याकाळचा चहा गार झाला होता. पीएचडीच्या पहिल्या वर्षात वाचलेल्या पेपरांपैकी इतकी स्वच्छ कल्पना फार थोड्यांत होती.

दुसरा मार्ग जेना आणि सहकाऱ्यांचा, २०१३चा. त्यांनी विचारलं, पीपीआयचा ज्यांच्याशी संबंध असायचं काही कारणच नाही अशा आजारांशीही तो दिसतो का? दिसला. मूत्रमार्गाचा संसर्ग, त्वचेचा संसर्ग, संधिवात यांच्याशीही. आता ॲसिडची गोळी सांधे झिजवते असं कुणी म्हणणार नाही. ज्या फूटपट्टीत संधिवातही पीपीआयचा दुष्परिणाम ठरतो, तीच फूटपट्टी न्यूमोनियाला लावून काय कळणार?

तिसरा मार्ग फिलियन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘गट’ या जर्नलमध्ये घेतला. कॅनडा, अमेरिका आणि ब्रिटनच्या नोंदींमधून वेदनाशामकं नव्याने सुरू केलेले ४२ लाखांवर लोक त्यांनी घेतले. यातल्या ज्यांना पीपीआय मिळालं, त्यांना ते वेदनाशामकांपासून पोटाचं रक्षण म्हणून मिळालं होतं. म्हणजे गोळीमागे खोकला नाही, जळजळ नाही. अशा लोकांत न्यूमोनियासाठी भरती होण्याचं गुणोत्तर १.०५ निघालं आणि विश्वासांतर ०.८९ ते १.२५. गोळी तीच, जठर तेच. फक्त गोळी देण्याचं कारण बदललं आणि संबंध जवळजवळ नाहीसा झाला.

थिसिसचा विषय निवडताना हे तीन पेपर एकत्र वाचा असं मी म्हणेन. तिघांकडे वेगळा डेटा नव्हता, गोम यांच्यासारख्याच दवाखान्यांच्या किंवा विम्याच्या तयार नोंदी होत्या. फरक प्रश्न विचारण्यात होता.

परत स्मृतिभ्रंशाकडे. २०१८ मध्ये ग्रे आणि सहकाऱ्यांनी सिएटलच्या ३,४८४ ज्येष्ठांचा अभ्यास छापला. नमुना जर्मन अभ्यासाच्या वीसपट लहान. पण यात प्रत्येकाची ठरावीक काळाने स्मरणशक्तीची चाचणी होत होती, तो डॉक्टरकडे जावो न जावो. शिक्षणाची नोंद होती. औषधांची एकूण मात्रा फार्मसीच्या नोंदीतून मोजली होती. पीपीआय आणि स्मृतिभ्रंश यांत संबंध सापडला नाही, भरपूर गोळ्या घेतलेल्यांतही नाही. बातमी? आठवत नाही ना.

आणि २०१९ मध्ये कंपास चाचणीचा भाग म्हणून तो प्रयोग झाला ज्याची सगळे वाट बघत होते. हृदय किंवा रक्तवाहिन्यांचा स्थिर आजार असलेल्या १७,५९८ लोकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं वाटून अर्ध्यांना पॅन्टोप्राझोल ४० मिलिग्रॅम आणि अर्ध्यांना हुबेहूब दिसणारी निष्क्रिय गोळी दिली. सुमारे तीन वर्षं पाठपुरावा. मोयेदी आणि सहकाऱ्यांनी निकाल ‘गॅस्ट्रोएंटेरॉलॉजी’त छापले: न्यूमोनिया, हाड मोडणं, मूत्रपिंडाचा जुनाट आजार, स्मृतिभ्रंश, कशातही लक्षणीय फरक नाही. फक्त आतड्याचे संसर्ग जास्त, १.४ टक्के विरुद्ध १.० टक्के.

इथे बरेच जण ‘झालं, पीपीआय सुटलं’ म्हणून पेपर मिटतात. गोम यांचा पेपर सोलून काढायचा आणि हा मात्र डोळे मिटून स्वीकारायचा, हे टीकेचं लक्षण नाही. तर तक्ता उघडा. स्मृतिभ्रंश: गोळीच्या गटात ५५, निष्क्रिय गोळीच्या गटात ४६. गुणोत्तर १.२०, विश्वासांतर ०.८१ ते १.७८. आता सांगा, १.४४ हा आकडा या अंतरात बसतो की नाही? आरामात बसतो. म्हणजे कंपासने स्मृतिभ्रंशाचा दावा खोडला असं म्हणता येत नाही. हा आजार घडायला दशकं लागतात, चाचणी तीन वर्षांची, सहभागी सरासरी सत्तरीच्याही आतले, आणि दोन्ही गटांत मिळून शंभरएक घटना. चाचणी उत्तम आहे, पण या एका प्रश्नासाठी तिची ताकद कमी आहे. स्मृतिभ्रंशाबाबत माझा कल ‘बहुधा नाही’कडे आहे तो ग्रे यांच्या अभ्यासामुळे आणि न्यूमोनियाच्या धड्यामुळे. एकट्या कंपासमुळे नाही.

मूत्रपिंडाची गोष्ट तर आणखी बोचरी. २०१६ मध्ये लाझरस आणि सहकाऱ्यांनी दोन अमेरिकी समूहांत पीपीआय आणि मूत्रपिंडाचा जुनाट आजार यांचा संबंध दाखवला. मोठ्या समूहात, सुमारे अडीच लाख लोकांत, गुणोत्तर १.१७. त्यांनी एक शहाणपणा केला होता: तुलना नुसती गोळी न घेणाऱ्यांशी न ठेवता एच-टू ब्लॉकर, म्हणजे रॅनिटिडीनच्या गटातली गोळी घेणाऱ्यांशीही केली. ॲसिडिटी दोघांनाही, गोळी फक्त वेगळी. तरी संबंध टिकला. दिवसातून दोनदा घेणाऱ्यांत तो एकदा घेणाऱ्यांपेक्षा जास्त होता. शिवाय पीपीआयमुळे मूत्रपिंडाचा एक तीव्र दाह क्वचित होतो हे बायोप्सीवरून माहीत आहे, म्हणजे यंत्रणा हवेतली नाही. आता कंपासमध्ये मूत्रपिंडाचं गुणोत्तर किती? तेही १.१७. विश्वासांतर ०.९४ ते १.४५. दोन्ही अभ्यासांत आजाराची व्याख्या एकच नाही, म्हणून आकडे तंतोतंत जुळणं हा योगायोग धरा. पण तोच आकडा एका पेपरात ‘धोका’ म्हणून छापला जातो आणि दुसऱ्यात ‘फरक नाही’ म्हणून. अंतर १ला ओलांडतं की नाही यावरून होय-नाही ठरवण्याची सवय आपल्याला लागलीय, तिचं याहून बोलकं उदाहरण मला सापडलेलं नाही.

हे सगळं पेपरांपुरतं राहत नाही म्हणून लिहितोय. २०१०च्या कोजेंट चाचणीत क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन दोन्ही घेणाऱ्या ३,७६१ लोकांपैकी निम्म्यांना ओमेप्राझोल दिलं होतं. सहा महिन्यांत रक्तस्रावासारख्या पचनमार्गाच्या घटना ओमेप्राझोल गटात १.१ टक्के, दुसऱ्या गटात २.९ टक्के. म्हणजे स्टेंट घातलेल्या माणसाने व्हॉट्सॲप वाचून गोळी सोडली तर तो एका संशयास्पद धोक्यापासून पळून सिद्ध झालेल्या धोक्यात जातो.

उलट बाजूही आहेच. अँटिबायोटिकसोबत ‘पोटासाठी’ म्हणून लिहिलेली गोळी, मग तीच महिनोन्‌महिने चालू, हे आपण घरोघरी बघतो. २००९ मध्ये रायमर आणि सहकाऱ्यांनी १२० निरोगी स्वयंसेवक घेतले, निम्म्यांना आठ आठवडे इसोमेप्राझोल देऊन थांबवलं. ज्यांना आधी ॲसिडिटी नव्हतीच त्यांच्यातल्या ४४ टक्के लोकांना थांबवल्यानंतरच्या आठवड्यांत जळजळ किंवा तत्सम त्रास झाला. निष्क्रिय गोळीवाल्यांत १५ टक्के. म्हणजे गोळी सोडल्यावर होणारी जळजळ ‘मला गोळीची गरज आहे’ याचा पुरावा असेलच असं नाही. छोटा प्रयोग, पण चिठ्ठ्या टाकून केलेला, आणि रोजच्या व्यवहाराला थेट लागू. याचा फॉरवर्ड मला आजवर आलेला नाही.

राहिला तो एकमेव धोका जो कंपासमध्ये स्पष्ट दिसला, आतड्याच्या संसर्गाचा. यंत्रणा अगदी सरळ आहे: ॲसिड हा जंतूंविरुद्धचा पहिला पहारा. पटकीचे जंतू ॲसिडला फारच हळवे असतात, ॲसिड कमी असेल तर थोड्या जंतूंनीही माणूस आजारी पडू शकतो. चाचणीत फरक छोटा होता, साधारण तीनेकशे लोकांनी तीन वर्षं गोळी घेतली तर एक जादा संसर्ग. पण हा हिशोब मूळ प्रमाणावर अवलंबून असतो. चाचणीत तीन वर्षांत शंभरातल्या एकालाच असा संसर्ग झाला होता. ज्या वस्तीत पावसाळ्यात नळाचं पाणी गढूळ येतं, टायफॉइड आणि कावीळ ही दरवर्षीची गोष्ट असते, तिथे सुरुवातीचं प्रमाणच कितीतरी जास्त. १.३३चं गुणोत्तर तिथे तसंच राहिलं तर जादा रुग्णांची संख्या वेगळी निघेल. गुणोत्तर तसं राहील का, हा प्रश्न मात्र उघडा आहे. विषय शोधत असाल तर इथून सुरू करता येईल: एखाद्या जिल्हा रुग्णालयाच्या नोंदी, पावसाळ्याआधीचे आणि पावसाळ्यातले महिने, तुलनेला एच-टू ब्लॉकर घेणारे, आणि ओथमन यांच्यासारखे गोळी सुरू होण्याआधीचे ३० दिवसही मोजलेले.